सिन्नरचे सात जण

पत्र :

ताई, नाशिकमधल्या एका सेवाभावी क्लबचा मी होऊ घातलेला अध्यक्ष. १ जुलैला सूत्रं घेणार. क्लबला २६ वर्षं झाली, सभासद ५८. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कॉलेज रोडला मीटिंग असते. पेठ तालुक्यात वर्षाला दोन नेत्रतपासणी शिबिरं, मुलींना सायकली, रक्तदान असं काम बरं चाललंय. आमच्यातले सात जण सिन्नरचे, चार ओझर-पिंपळगावकडचे. झोनवाले, म्हणजे आमच्या वरचे संस्थेचे पदाधिकारी, दोन वर्षं मागे लागलेत, की सिन्नर आणि ओझरला नवे क्लब काढा, स्पॉन्सर, म्हणजे पालक क्लब, तुम्ही व्हा. मला मनातून पटतं. पण विषय काढला की आमचे माजी अध्यक्ष उसळतात. एकाने तर भर मीटिंगमध्ये सुनावलं, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं." सभासद जातील, देणगीदार वाटले जातील, आणि एवढं करून संस्थेच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरच्या यादीत एक आकडा वाढेल, बाकी काही नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक आहेत असं मलाही म्हणवत नाही. काय करू? आणि इन्स्टॉलेशनच्या (पदग्रहणाच्या) भाषणात हे जाहीर करावं का?
– एक होऊ घातलेला अध्यक्ष, नाशिक

उत्तर :

नमस्कार अध्यक्षमहाशय. (१ जुलैला अजून वेळ आहे, पण कानाला सवय लावून घ्या.)

भाषणाचं शेवटी बघू. आधी क्लबचं अटेंडन्स रजिस्टर उघडा आणि गेल्या वर्षभरात तुमचे सिन्नरचे सात जण किती मीटिंगांना आले ते मोजा. तुमचं रजिस्टर मी पाहिलेलं नाही, तरी चहाची पैज लावते. एखाददुसरा सोडला तर कुणाचा आकडा पाच-सहाच्या वर जाणार नाही, आणि त्यातही इन्स्टॉलेशन, कोजागरी आणि फॅमिली पिकनिक धरलेली असेल. यात त्यांचा दोष नाही. शनिवारी संध्याकाळी दुकान नाहीतर दवाखाना लवकर बंद करून निघायचं, नाशिकरोड ओलांडायचं, द्वारका चौकात अडकायचं, कॉलेज रोडला गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा मारायच्या. हॉलमध्ये शिरावं तर मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून झालेलं असतं आणि कोपऱ्यातल्या खुर्च्या तेवढ्या उरलेल्या असतात. जेवून घरी पोचायला अकरा. दोन वर्षं हे केल्यावर माणूस ड्यूज (वर्गणी) वेळेवर भरतो, ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि शनिवारी घरीच थांबतो.

तुमच्या माजी अध्यक्षांना ज्यांच्या जाण्याची धास्ती वाटते, ते गेलेलेच आहेत. यादीत नाव आहे इतकंच. सिन्नरला क्लब झाला तर तुमचे सात ड्यूज कमी होतील, पण सात माणसं तुम्ही केव्हाच गमावली आहेत. पुढच्या बोर्ड मीटिंगला तावातावाने बाजू मांडत बसू नका. एका कागदावर तक्ता करा : नाव, मीटिंगा किती, प्रोजेक्टला हजर किती वेळा. तो टेबलावर ठेवा आणि चहा मागवा.

देणगीदारांचं म्हणणं मला तितकंसं गंभीर वाटत नाही. मुसळगाव-माळेगावच्या एमआयडीसीतला कारखानदार गावात डोळ्यांसमोर काही उभं राहणार असेल तर हात मोकळा सोडतो. पेठच्या शिबिराला तो आजही तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीखातर पाच हजार देतो, उद्याही देईल. हिशेब दाखवत राहा म्हणजे झालं.

तिसरा आक्षेप, कागदावरच्या क्लबचा. इथे मात्र मी तुमच्या माजी अध्यक्षांच्या बाजूने आहे, कारण असा क्लब काढण्यात माझाही हात होता.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बँकेत होते आणि संध्याकाळी एका क्लबची सेक्रेटरी. कुठला क्लब आणि कुठलं गाव ते जाऊ द्या. मार्च उजाडला आणि वरून निरोप आला, ३० जूनच्या आत एक नवा क्लब हवा. आम्ही जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो. एका डॉक्टरांनी स्वतःचं, बायकोचं, भावाचं, वहिनीचं आणि कंपाउंडरचं नाव दिलं. एका सराफांनी चार दिली. "नावं द्या, पैशांचं आम्ही बघतो," असं आमचे अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते. बावीस नावं झाली. चार्टर नाईट, म्हणजे नव्या क्लबला मान्यतापत्र देण्याचा समारंभ, दणक्यात झाली, आणि कुठे, तर नाशिकला हॉटेलात! ज्या गावाचा क्लब, त्या गावाने तो पाहिलासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या पहिल्या मीटिंगला आम्ही दोघं गेलो. पंचवीस जणांची मिसळ सांगून ठेवलेली. आले सहा, त्यात आम्ही दोघं आणि आमचा ड्रायव्हर. रस्सा परत पातेल्यात ओतणाऱ्या त्या हॉटेलवाल्याचा चेहरा अजून आठवतो मला. अर्ध्या वर्षाचे ड्यूज आमच्या अध्यक्षांनी खिशातून भरले, पुढचे कुणीच नाही. दीड वर्षात क्लब रद्द. त्यांची मीटिंगची पितळी घंटा आणि लाकडी हातोडा आमच्या माळ्यावर पडून आहे, कारण परत कुणाला द्यायचा हेच कळेना. बॅनर मात्र कामी आला, तो त्यांच्या सेक्रेटरीच्या कांद्याच्या चाळीवर चार पावसाळे टिकला.

चूक काय झाली याचा मी पुष्कळ विचार केलाय. गाव चांगलं होतं, डॉक्टरही भला माणूस. पण क्लब हवा असं त्या गावात कुणीही म्हटलेलं नव्हतं. तो आम्हाला हवा होता.

तुमच्या बाबतीत हे वेगळं ठरू शकतं. सिन्नरचे सात जण स्वतःहून क्लबात आले, कधीकाळी उत्साहाने आले. त्यांच्याभोवती गावात अजून पंधरा-वीस माणसं असणार. ती शोधायची कशी? नावं मागत फिरू नका. एक काम काढा आणि ते सिन्नरकरांना ठरवू द्या. तुमचं नेत्रशिबिर उचलून तिकडे नेऊ नका, ते तुमचं आहे. सिन्नरच्या पूर्व भागातल्या गावांना उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. गावात विड्या वळणाऱ्या बायका आहेत, एमआयडीसीत बाहेरगावहून आलेल्या कामगारांची मुलं आहेत. यातलं कुठलं काम आपलं वाटतं ते त्यांनाच कळेल, कॉलेज रोडवरून ते दिसणार नाही. वर्षभरात अशी तीन कामं सिन्नरच्या सात जणांच्या पुढाकाराने होऊ द्या. तुम्ही गाडी, खुर्च्या, स्टॉकमधल्या व्हीलचेअर आणि दोन-चार हात द्या. प्रत्येक कामाला सभासद नसलेली कोण माणसं आली, कोण पुन्हा आली, आणि सगळे गेल्यावर सतरंज्या घडी करायला कोण थांबलं, हे कुणीतरी वहीत टिपून ठेवा. चार्टरची यादी त्या वहीतून येईल.

शिवाय गावात आधीपासून एकत्र येणारे असतातच : सकाळी फिरायला जाणारा कंपू, शिक्षकांची पतपेढी, एकाच बॅचचे जुने विद्यार्थी. अशा एखाद्या कंपूला संस्थेचं छत्र द्यायला कमीपणा मानू नका. लायन्सची सुरुवातच तशी झाली. १९१७ मध्ये शिकागोच्या मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने ठिकठिकाणचे स्वतंत्र व्यावसायिक क्लब एका ठिकाणी बोलावले आणि त्यांची मोट बांधली.

त्याच शिकागोत रोटरीची कथा तुमच्या माजी अध्यक्षांना ऐकवण्यासारखी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस आणि तीन मित्र पहिल्यांदा जमले. काही वर्षांत हॅरिसच्या डोक्यात आलं, की असा क्लब दुसऱ्या शहरांतही हवा. त्याच्याच क्लबातल्या अनेकांना यात काडीचा रस नव्हता. आपलं छान चाललंय, कशाला हे उपद्व्याप? हॅरिसने चिकाटी सोडली नाही. १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दुसरा क्लब झाला, १९१० पर्यंत सोळा झाले. तुमच्या बोर्डावरची मंडळी शिकागोकरांच्याच वाटेने चालली आहेत, घराण्याला धरून आहे म्हणायचं.

पण खरं उदाहरण आपल्या ओझरला आहे, आणि त्याला क्लब म्हणत नाहीत. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी ओझरच्या शेतकऱ्यांना मिळायचं नाही, कारण ते कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेने भरायची, वाटप आपसात करायचं. तिन्ही संस्थांचं बस्तान बसलं, पण ते शेतकरी तिथे थांबले नाहीत. वरच्या अंगाच्या गावांमध्ये गेले, त्यांच्याही संस्था व्हाव्यात म्हणून बसले, समजावलं. होता होता वाघाड प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या. टेलच्या शेतकऱ्यांनी ही उठाठेव का केली असेल? वरचे लोक संघटित नसतील तर खाली पाणी पोचायचं नाही, इतकं साधं गणित होतं. शेजारची संस्था धड असण्यात आपला फायदा असतो, हे त्यांना शेतावर कळलं.

तुमचं गणितही फार वेगळं नाही. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. पुण्याकडून येणारा भाविक सिन्नरवरून येतो, मुंबईकडून इगतपुरी-घोटीवरून, धुळ्याकडून पिंपळगाव-ओझरवरून, गुजरातेतून येणारे बरेचसे पेठवरून. पाणी, प्रथमोपचार, चुकलेल्या म्हाताऱ्यांना वाट दाखवणं, ही कामं शहरातले क्लब करतीलच. पण सिन्नरच्या नाक्यावर रात्री दोन वाजता उभं राहायला कॉलेज रोडवरून कोण जाणार आहे? तुमच्या उसळणाऱ्या माजी अध्यक्षांपैकी जो सगळ्यात कामाचा असेल, त्याच्यासमोर हा प्रश्न ठेवा. मागच्या सिंहस्थात सेवेला उभा राहिलेला असेल तर तो लगेच नकाशा मागेल.

आता नियम. तुमचा क्लब कुठल्या संस्थेचा ते तुम्ही कळवलंय, मी छापत नाही, म्हणून दोन्हींचं सांगते. लायन्समध्ये नव्या क्लबला किमान वीस सभासद लागतात, रोटरीतही चार्टरला वीसच. पण एकदम वीसची उडी मारलीच पाहिजे असं नाही. लायन्समध्ये मूळ क्लबच्या छायेत किमान पाच जणांची शाखा काढता येते, रोटरीत आठ जणांचा सॅटेलाइट क्लब. सिन्नरचे सात जण आणि वहीतले पाच-सहा एवढ्यावर गाडी रुळावर येते. त्यांना आपली मीटिंग आपल्या गावात घेता येते, यादीत ते तुमच्याकडेच राहतात, म्हणजे तुमच्या खजिनदाराचाही जीव भांड्यात पडतो. पुढे संख्या वाढली की चार्टर. झोनवाले नाक मुरडतील, त्यांना अख्खा क्लब हवा असतो. मुरडू द्या.

ओझरचं या वर्षी काढूच नका. चार माणसांवर दोन गावांचा क्लब उभा राहत नाही, आणि एका अध्यक्षाच्या वर्षात दोन ठिकाणी लक्ष पुरत नाही. पुढेमागे कराल तेव्हा द्राक्षाचं कॅलेंडर समोर ठेवा. ऑक्टोबर छाटणीत आणि जानेवारी ते मार्च माल निघत असताना तिकडच्या माणसाला मीटिंगला बोलावणं म्हणजे त्याने नाही म्हणावं म्हणूनच बोलावणं.

नव्या क्लबाकडे माणूस कोण द्यायचा, यावर सगळी भिस्त आहे. लायन्समध्ये नव्या क्लबला दोन वर्षं सोबत करायला गाइडिंग लायन नेमतात, रोटरीतही नव्या क्लबला सल्लागार असतो. बहुतेक क्लब इथे कुणाला पाठवतात? ज्याला दुसरं काही पद देता आलं नाही त्याला. विरजणाला शेजारणीने दही मागितलं तर आपण वरचं पाणी देतो का? घट्ट दह्यातलंच चमचाभर देतो. तुमचा सगळ्यात नेटका सेक्रेटरी आणि कुणाशीही पटणारा एखादा माणूस, असे दोघं द्या. पहिले सहा महिने त्यांनी प्रत्येक मीटिंगला जायचं, पुढचे सहा महिने एकाआड एक, दुसऱ्या वर्षी बोलावलं तर. विरजण लावून दर तासाला ढवळलं तर दही लागत नाही, हे त्या दोघांना सांगून पाठवा.

पैशांबाबत कडक राहा. त्यांचे ड्यूज तुम्ही भरायचे नाहीत, एकाचेही नाहीत, एका हप्त्याचेही नाहीत. आमच्या अध्यक्षांनी खिशात हात घातला तिथेच तो क्लब मेला होता. मात्र ड्यूज कशाने फुगतात ते बघा. वर संस्थेकडे जाणारी वर्गणी ठरलेली असते, बाकी फुगतं ते जेवणावळींनी. सिन्नरकरांना शाळेच्या वर्गात चहा-पोह्यांवर मीटिंग घ्यायची असेल तर "आपल्याकडे अशी पद्धत नाही" हे वाक्य तुमच्या कुणाच्या तोंडून येता कामा नये. आणि एक व्यवहाराची गोष्ट : देणगीदाराला करसवलतीची पावती द्यायला नोंदणीकृत ट्रस्ट आणि प्राप्तिकर खात्याची मंजुरी लागते, ती नव्या मंडळींकडे सुरुवातीला नसते. त्यांच्या कामासाठीची देणगी तुमच्या ट्रस्टमार्फत घेता येईल का ते सीएला विचारा. घेतलीत तर वही वेगळी ठेवा आणि दर तिमाहीला न मागता त्यांना दाखवा. स्पॉन्सर क्लबशी भांडणं होतात ती इथे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आलीच नाही, म्हणून विचारते. सिन्नरच्या सातांत बाई किती? मला वाटतं, एकही नाही. लायन्सने बायकांना सभासद करून घ्यायला १९८७ उजाडलं, रोटरीने १९८९. दारं उघडून इतकी वर्षं झाली, तरी गावोगावच्या यादीत "सौ." अजून नवऱ्याच्या नावाखालीच येते. सिन्नरला शिक्षिका आहेत, डॉक्टर आहेत, बचत गट चालवून हिशेबात तयार झालेल्या बायका आहेत. पहिल्या वीसांत त्या नसतील तर नंतर येणार नाहीत, कारण तोवर मीटिंगची वेळ, जागा आणि विनोद पुरुषांच्या सोयीचे ठरून गेलेले असतात. मीटिंग रात्री साडेआठऐवजी रविवारी सकाळी ठेवून बघा, यादी बदललेली दिसेल.

समजा वर्ष सरलं, तीन कामं झाली, आणि वहीत सात जणांखेरीज पुन्हा पुन्हा आलेली पाच नावंही नाहीत. मग सरळ झोनवाल्यांना लिहा, की सिन्नरला सध्या क्लब होत नाही. तेवढं लिहायची हिंमत आमच्यात नव्हती. वर्षात झालेली तीन कामं कुठे जात नाहीत.

आणि त्या घोड्याचं. व्याह्याने घोडं धाडलं की दाणा-वैरण आपल्या गळ्यात पडते, म्हणून म्हण झाली. इथे वैरण सिन्नरकर स्वतःची स्वतः करणार आहेत, आणि तुमच्या दारात बांधलेली सात घोडी चरायला आपल्या रानात जाणार आहेत. तुमच्या त्या माजी अध्यक्षांना एवढंच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

आता भाषण. जाहीर करू नका. व्यासपीठावरून घोषणा झाली की झोनवाले दुसऱ्याच दिवशी चार्टरची तारीख मागतील, आणि तुम्ही नावं गोळा करायला लागाल. त्या संध्याकाळी पेठच्या शिबिराबद्दल बोला, ते तुम्हाला चांगलं येतं.

त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी सिन्नरला जा. ब्लेझर, पिन, बॅनर घरी ठेवा. सातांपैकी कुणाच्या तरी दुकानात बाकीच्यांना बोलवून घ्या आणि विचारा, की गावात असं कुठलं काम आहे जे तुम्हाला करायचं होतं आणि आमच्याकडे येण्या-जाण्यात राहून गेलं. मग कुणीतरी बोलेपर्यंत गप्प बसा. थोडं अवघड जाईल, अध्यक्षांना जातंच. काय म्हणाले ते मला नक्की कळवा. आणि रजिस्टरातला आकडाही, माझा चहा राहिलाय.